थोरली साळुंकी

मालकीणबाईंनी बाकाखाली आधी उजवा गुडघा सारून पाहिला, मग डावा, आणि शेवटी दोन्ही बाहेर काढून त्या बाकावर आडव्या बसल्या.

"सातवीची पोरं आहेत की बाहुल्या?" त्या म्हणाल्या. "एवढ्याशा फळीवर धड माणूस बसणार कसा?"

शेजारी बसलेली सून म्हणाली, "आई, मागं तुमची..."

"मागं खुर्च्या आहेत, दिसतात मला. मागं बसायला मी काय उशिरा आलेय?"

सून उठली, दारापाशी राहिलेली सासूची पिशवी घेऊन आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. मालकीणबाईंनी पिशवी सरळ केली. आभार मानायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच, पण आपण काहीतरी चुकीचं बोललो हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांना सगळी गल्ली मालकीणबाई म्हणायची. गल्लीच्या टोकाची लाँड्री त्यांची. नवरा गेल्यावर एका इस्त्रीवर सुरू केलेली, आता चार टेबलं, वाफेचं यंत्र आणि मुलाच्या हाती एक गाडी. शाळेचं म्हणाल तर सही येण्यापुरती. पण कपड्यावरचा डाग त्या वाचायच्या. गिऱ्हाइकानं गठ्ठा उलगडून "हा जरा..." म्हणावं, तोवर त्यांनी म्हणावं, "चहाचा. आणि लपवून ठेवला होतात, म्हणून धरलाय." लोक हसायचे. काहीजण तर तेवढ्यासाठीच यायचे. समोरच्याच्या तोंडातलं वाक्य उचलायचं आणि पुरं करून त्याच्या हातात द्यायचं, ही त्यांची हातोटी होती. आणि वाईट हे, की बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

सुनेची गोष्ट वेगळी होती. ती तोतरी नव्हती, मंद तर अजिबात नव्हती, बारावी झालेली होती. पण बोलता बोलता मध्येच थांबायची, योग्य शब्द शोधायची, सापडला की पुढं जायची. लाँड्रीत एवढी उसंत कुणाला? तिचा शब्द सापडेस्तोवर मालकीणबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या असायच्या. लग्नानंतरच्या वर्षांत सून हळूहळू अर्धं वाक्य बोलायला शिकली होती. पुढचं अर्धं सासूकडे होतं.

आज शाळेनं घरच्यांना तासाला बोलावलं होतं. एरवी मालकीणबाई आल्या नसत्या. पण गेले काही महिने नात घरी नको ते प्रश्न विचारायला लागली होती. हा माणूस असं का वागला, त्याला कशाची भीती होती, तो खोटं बोलतोय हे त्याला कळत होतं का. हे सगळं त्या इंग्रजीच्या बाईंनी भरवलेलं. एकदा समोरासमोर होऊनच जाऊ दे, म्हणून त्या आल्या होत्या.

बाई वयानं तरुण होत्या, हाताला खडू लागलेला, चष्मा केसांत अडकवलेला. त्या जवळ येताच मालकीणबाईंनी सुरुवात केली.

"बाई, तुम्ही पोरांना इंग्रजी शिकवता की कोल्हे-लांडगे?"

"दोन्ही, आजी. कोल्ह्याच्या तोंडून आलं की व्याकरण लवकर कळतं."

मालकीणबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आणि भिंतीवरचं हे काय? हा राक्षस समुद्रात मीठ का ओततोय?"

"पुराणकथा आहे. एका बेटावरच्या लोकांची. समुद्र खारट कसा झाला त्याची. पुराणकथा वाचली की आम्ही विचारतो, हे लोक कशाला घाबरत होते? सहामाहीनंतर कादंबरी घेतली. दीपगृहात राहणाऱ्या मुलीची. तिथं विचारतो, या माणसाला स्वतःबद्दल काय माहीत नाही?"

"माणसाला स्वतःबद्दल माहीत नसेल तर कुणाला असणार? शेजाऱ्यांना?"

"बहुतेक वेळा," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे गेल्या.

मालकीणबाई सुनेकडे झुकल्या. "जीभ आहे हो हिला," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी होती. सून किंचित हसली. ती भिंतीवरचे इंग्रजी तक्ते वाचत होती, ओठ न हलवता, एकेक करून, पुष्कळ दिवसांनी कुणी ओळखीचं भेटावं तशी.

आजचा तास बोधकथांचा होता. प्रत्येक मुलानं प्राण्यांची एक गोष्ट इंग्रजीत लिहिली होती. घरच्यांपैकी बऱ्याच जणांना इंग्रजी येत नाही हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून मुलं जोडीनं उभी राहणार होती. एकानं आपली गोष्ट इंग्रजीत एकेक वाक्य सांगायची, दुसऱ्यानं ते वाक्य आपल्या भाषेत आणायचं. आणि एक नियम होता. गोष्ट लिहिणाऱ्यानं बोध सांगायचा नाही. तो ऐकणाऱ्यांनी सांगायचा.

"का बरं?" कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं.

"लिहिणाऱ्यानं सांगितला तर तो उपदेश होतो," बाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्यानं सांगितला तर तो त्याचा स्वतःचा असतो."

दोन गोष्टी झाल्या. एका गाढवाची, एका बढाईखोर बेडकाची. बेडकाच्या वेळी मालकीणबाईंनी बोध सांगून टाकला, "पोट बघून फुगावं," आणि वर्ग खदखदून हसला. बाईंनी तो जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. मालकीणबाई सैलावल्या. इथं त्यांना लाँड्रीच्या गल्ल्यावर बसल्यासारखं वाटू लागलं. माणसं समोर होती आणि शब्द त्यांच्या हातात होता.

मग नात उठली. तिच्याबरोबर दोन वेण्या घातलेली तिची मैत्रीण. नातीनं आजीकडे पाहिलं नाही. आईकडेही नाही. खिडकीकडे तोंड करून तिनं पहिलं वाक्य इंग्रजीत म्हटलं.

"एका झाडावर साळुंक्यांचं कुटुंब राहायचं," वेण्यावाली म्हणाली.

नातीनं पुढचं म्हटलं. सून बाकावर किंचित पुढं सरकली.

"त्यांच्यातली थोरली साळुंकी फार हुशार होती. कुणी चोच उघडली की त्याचं बोलणं तीच पुरं करायची."

"असते एखादी," मालकीणबाई म्हणाल्या. मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. लाँड्रीशेजारच्या लाकूडवखारीचा मालक जरा जास्तच हसला.

"धाकटी साळुंकी हळू बोलायची. शब्द सापडेपर्यंत ती फांदीकडे बघत बसायची."

नातीनं पुढचं वाक्य म्हटलं, आणि सुनेचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट झाले. मालकीणबाईंना ते दिसलं. पोरीची पाठांतराची काळजी, त्यांना वाटलं. इंग्रजी कळणाऱ्याला प्रत्येक गोष्ट एक वाक्य आधी कळते, एवढाच तो फरक होता.

"एका दुपारी धाकटीनं पाहिलं, की झाडाच्या बुंध्याशी काहीतरी..."

"साप!" मालकीणबाई म्हणाल्या.

वर्ग हसला. वेण्यावालीही हसली. "हो, साप. धाकटी म्हणाली, खाली काहीतरी... तर थोरली म्हणाली, दाणे सांडलेत, माहीत आहे. आधी काम आटोप, मग खा."

"अगं बाई!"

"धाकटी म्हणाली, नाही, ते वर येतंय... थोरली म्हणाली, ऊन वर येतंय. दुपारी येणारच."

"वळून बघ ना मेले!" मालकीणबाईंनी बाकावर थाप मारली. आता पोरं वेण्यावालीपेक्षा त्यांच्याकडेच बघत होती. वखारवाल्यानं डोळे पुसले. "मान काय गहाण टाकलीय का हिनं?"

नातीचा आवाज खाली गेला. वेण्यावाली तिच्याकडे वळली, पुन्हा विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, "धाकटी म्हणाली, मला आता उभं... थोरली म्हणाली, उभं राहून सगळ्यांचेच पाय दुखतात. मी नव्हते का तुझ्या वयाची?"

कुठंतरी काहीतरी अडकलं. कपड्यावरून हात फिरवताना आत राहिलेली टाचणी लागावी, एवढंच. पण समोर माणसं होती, हसायला तयार होती, आणि मालकीणबाईंनी हात पुढं फिरवला.

नातीनं एक छोटं वाक्य म्हटलं. सुनेनं डोळे मिटले.

"घरट्यात एकच..." वेण्यावाली म्हणाली.

"अंडं होतं. सापानं नेलं. कळलं गं, कळलं." मालकीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "बोध मी सांगते. लिहा बाई. त्या थोरलीचा दाणापाणी बंद करा. जिला ऐकायचं नाही तिच्या हाती घरटं द्यायचंच कशाला? आणि हुशार म्हणे! माझ्या दुकानात असती ना, तर पहिल्या दिवशी हाकलली असती. साप बिचारा साप आहे, तो त्याच्या वाटेनं चालला होता. अंडं सापानं नाही नेलं. हिच्या चोचीनं नेलं."

टाळ्या पडल्या. बाईंनी शेवटची दोन वाक्यं फळ्यावर लिहायला घेतली. मालकीणबाई बसल्या आणि दाद घ्यायला म्हणून नातीकडे पाहिलं. नात अजून उभीच होती.

"आजी," वेण्यावाली चाचरत म्हणाली, "एक वाक्य राहिलंय."

"मग सांग की. कुणी तोंड धरलंय?"

नातीनं ते म्हटलं. या वेळी खिडकीकडे न बघता.

"साप गेल्यावर थोरली साळुंकी सगळ्या रानाला सांगत सुटली, मला कुणी सांगितलंच नाही हो. सांगितलं असतं तर मी तिला उभं राहू दिलं असतं का?"

बाईंचा खडू फळ्यावर चालू होता. मागं कुणीतरी "वा, वा" म्हणालं. मालकीणबाईंनी सुनेकडे पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका हॉटेलच्या चादरी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. सुनेला पाचवा महिना होता. टेबलाला टेकून ती म्हणाली होती, आई, पोटात जरा... आणि त्या म्हणाल्या होत्या, भूक लागलीय, एवढा ढीग आटोप मग जेव. नाही, मला उभं... त्यावर त्यांनी काय म्हटलं होतं ते आत्ताच सगळ्या वर्गानं ऐकलं होतं. नात तिथंच होती, टेबलाच्या कडेला रुमालांच्या घड्या घालत. रात्री दवाखान्याच्या बाकावर, डॉक्टरीणबाईंना, मुलाला, सुनेच्या आईला, दुसऱ्या दिवशी वखारवाल्याला, दूधवाल्याला, दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी साळुंकीचं ते शेवटचं वाक्यच सांगितलं होतं. इतक्या वेळा, की ते खरं झालं होतं. सुनेनं कधी ते खोडलं नव्हतं. मालकीणबाईंनी याचा अर्थ तिला ते पटलंय असा लावला होता.

हातांना घडी घालायला काहीतरी हवं होतं. त्यांनी पिशवीचा बंद धरला आणि दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. काही गिऱ्हाइकं डाग आत जाईल अशी घडी घालून कपडा आणतात आणि वरची चांगली बाजू दाखवत उभी राहतात. त्यांना त्या नेहमी म्हणायच्या, उलगडा, उलगडा, मला काय नवीन आहे? इथं उलगडलेलं होतं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या होत्या त्या स्वतः.

कुणाला कळलं होतं? वखारवाल्याला? तो अजून रुमालानं डोळे पुसत होता. हसून पुसत होता की कसं, हे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"आणखी कुणाला वेगळा बोध दिसतो का?" बाईंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त तास चांगला चालल्याचा आनंद होता.

सुनेनं हात वर केला.

शाळकरी पोरीसारखा, कोपरातून वाकलेला हात. ती उभी राहिली. "मला वाटतं," ती म्हणाली, "धाकटीनं..."

आणि थांबली.

मालकीणबाईंच्या जिभेवर ते वाक्य लगेच आलं. एक नाही, तीन आली. धाकटीनं घर सोडायला हवं होतं. धाकटीनं थोरलीला टोचायला हवं होतं. धाकटीनं पुन्हा त्या झाडावर पाऊल ठेवू नये. तिन्ही त्यांना पटत होती. त्यांनी दात आवळले. वर्गात कुणाचा तरी पेन घरंगळत गेला. सून फळ्याकडे बघत होती, शब्द शोधत होती, आणि त्या शोधण्याला किती वेळ लागतो हे मालकीणबाईंनी इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पाहिलं. फार नाही लागत. एका कॉलरला इस्त्री फिरवायला लागतो तेवढाच.

"धाकटीनंही मोठ्यानं ओरडायला हवं होतं," सून म्हणाली. "चूक तिचीपण आहे."

नातीनं मान खाली घातली. तिची एवढी गोष्ट तिच्या आईनंच फिरवून दिली होती.

"छान," बाई म्हणाल्या. "हे अगदी वेगळं आहे." त्या लिहायला वळल्या.

कुणी टोमणा मारला असता तर मालकीणबाईंनी तो परतवला असता. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण हे ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. दुसऱ्याचा डाग आपल्या अंगावर ओढून घेऊन ही बाई चारचौघांत उभी होती, आणि खाली बसताना तिनं सासूची पिशवी घसरू नये म्हणून पुन्हा सावरली.

"ते पुसा, बाई," मालकीणबाई म्हणाल्या.

बाई वळल्या.

"ओरडली असती तरी काय?" त्या बसूनच बोलत होत्या, पिशवीकडे बघत. "थोरली म्हणाली असती, किती ओरडतेस, गिऱ्हाईक उभं आहे."

मग पोरं हसली, साळुंकीच्या दारात गिऱ्हाईक म्हणून. मागूनही कुणीतरी हसलं. वखारवाला हसला नाही. बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला, एकदा आजीकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि फळ्यावरचं सुनेचं वाक्य हळूहळू पुसलं.

घंटा झाली. वऱ्हांड्यात नात वेण्यावालीच्या आडून उभी होती. मालकीणबाई तिच्यापाशी जाऊन थांबल्या. पोर आईसारखी उंच होत चालली होती.

"आजी, तू चिडलीस?"

"इंग्रजीत चुका किती होत्या?"

"बाई म्हणाल्या, दोन."

"दोनच?"

"हं."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी नातीच्या दप्तराचा पिळलेला पट्टा सरळ केला आणि जिना उतरायला लागल्या.

घरापर्यंतचा रस्ता सरळ होता. सून एक पाऊल मागं चालत होती. मालकीणबाईंनी मुद्दाम पावलं आखडती घेतली, म्हणजे ती बरोबरीला येईल. ती आणखी सावकाश चालू लागली. आता ही बोलेल, त्यांना वाटलं. बोलू दे. काय वाटेल ते बोलू दे, मी मध्ये तोंड घालणार नाही. चांभाराचं दुकान गेलं, औषधांचं गेलं, वळण आलं. सुनेच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. ती फक्त चालत होती, रोजच्यासारखी. मालकीणबाईंनी रस्ताभर तिच्यासाठी जागा रिकामी ठेवली, आणि ती तशीच रिकामी दुकानापर्यंत आली.

लाँड्रीत मुलगा गिऱ्हाइकांनी वैतागला होता. त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि आईला म्हणाला, "कशी होती शाळा?"

"होती," मालकीणबाई म्हणाल्या. त्यानं चमकून पाहिलं, पण त्याला उशीर झाला होता.

दोघी आपापल्या टेबलाशी उभ्या राहिल्या. यंत्रानं वाफ सोडली. थोड्या वेळानं बँकेतला कारकून आला, बाहीवर शाई सांडलेला कोट घेऊन. मालकीणबाई मागं कॉलरला इस्त्री करत होत्या, म्हणून त्यानं कोट सुनेपुढं ठेवला.

"हा कधी मिळेल?"

सुनेनं बाही उलटून पाहिली, शाईवरून बोट फिरवलं. "हा उद्या..." ती म्हणाली.

आणि थांबली. मालकीणबाई वाट बघत राहिल्या. शब्द शोधत असेल. कॉलरची एक बाजू झाली, दुसरी झाली. सून काही शोधत नव्हती. तिनं मान वळवली आणि सासूकडे पाहिलं, सहज, रोजच्या सवयीनं, पुढचं घेऊन जायला कुणी येतं तिथं बघावं तसं. तिचं वाक्य एवढंच होतं. ते नेहमी इथवरच असायचं. यापुढचं ती कधी तयारच करत नव्हती.

कारकुनानंही मालकीणबाईंकडे पाहिलं. "आजी? उद्या ना?"

मालकीणबाईंनी इस्त्री उभी केली. हातात धरायला दुसरं काही घेतलं नाही. टेबलावर दोन्ही तळवे टेकले, मान खाली घातली आणि फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. यंत्रातली वाफ संपली. कारकून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. एक पाय सोडून दुसऱ्यावर उभा राहिला.

सुनेनं पुन्हा बाहीकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"उद्या नाही होणार," ती म्हणाली. "शाई आतपर्यंत गेलीय."